नवं कॅड बसवण्याआधी ड्राफ्ट्समनच्या शेजारी बसा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात आठ-दहा ड्राफ्ट्समन (ड्रॉइंग काढणारे) असतील, तर ऑटोकॅड या कॅडचं, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं, वार्षिक भाडं मालकाला जड जातंच. ऑटोकॅडचे कायमचे परवाने नव्याने विकणं २०१६ मध्ये बंद झालं. मग झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ब्रिक्सकॅड या पर्यायांची चौकशी सुरू होते. तीही डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची फाइल उघडतात, कमांडही बहुतेक त्याच. तरीही आठवड्याभरात "साहेब, यात काम होत नाही" ऐकू येतं. हा हट्ट नाही. हात मंदावतो, चूक झाली तर बोल आपल्यावर येईल अशी भीती असते, आणि उद्या नोकरी बदलताना बायोडेटात काय लिहायचं हा प्रश्न असतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बदलाच्या दोन आठवडे आधी प्रत्येकाच्या शेजारी अर्धा तास बसा. तो कोणते शॉर्टकट दाबतो, कोणत्या लिस्प (कॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) चालवतो, कोणत्या प्लॉटरवर छापतो, हे लिहून घ्या. जुन्या पीजीपी फाइलमधल्या (कमांडचे शॉर्टकट जिथे लिहिलेले असतात ती) शॉर्टकटच्या ओळी नव्या सॉफ्टवेअरच्या पीजीपीत उतरवा. अख्खी फाइल चिकटवू नका, कारण काही कमांड तिथे नसतात. निम्मी तक्रार इथेच मिटते.

लिस्पचं काम अवघड. साधी, वाचता येणारी एलएसपी फाइल बहुधा चालते, पण कंपाइल केलेली (मूळ मजकूर न दिसणारी) एफएएस किंवा व्हीएलएक्स सहसा चालत नाही. बीओएम (लागणाऱ्या मालाची यादी) काढणारी लिस्प दहा वर्षांपूर्वी कुणी लिहून दिली आणि मूळ एलएसपी हरवली, असं फार ठिकाणी घडतं. ती शोधा, नाहीतर पुन्हा लिहून घ्या. त्याआधी बदल करू नका. रोज तासभर वाचवणारी गोष्ट काढून घेतलीत, तर माणूस चिडणारच.

मग दहा जुनी ड्रॉइंग घ्या, मुद्दाम किचकट: एक्सरेफ (जोडलेली दुसरी ड्रॉइंग) असलेली, डायनॅमिक ब्लॉकची (आकार बदलणाऱ्या तयार चित्रांची), दाट हॅचची (रेघांनी भरलेल्या भागांची). नव्यात उघडा, सेव्ह करा, परत ऑटोकॅडमध्ये उघडा. एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा प्रकार) फॉन्ट सापडला नाही तर अक्षरं टायटल ब्लॉकच्या चौकटीबाहेर जातात, कधी व्यासाच्या खुणेच्या जागी प्रश्नचिन्ह येतं, आणि ते शॉपफ्लोअरवर गेलं तर प्लेट चुकीची कापली जाते. म्हणून फॉन्ट, सीटीबी (छापताना रेषांची जाडी ठरवणारी फाइल) आणि टेम्पलेट सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. तेच ड्रॉइंग दोन्हींतून ए३वर छापून कागद एकमेकांवर ठेवा, खिडकीच्या उजेडात धरा. रेषांची जाडी बदललेली लगेच दिसते. स्टीलच्या पट्टीने १०० मिमीचं एक माप मोजाच.

चाचणीसाठी सर्वांत जास्त कुरकुरणाऱ्या जुन्या ड्राफ्ट्समनला घ्या. चुका त्यालाच आधी सापडतात, आणि "दादांनी करून बघितलंय" म्हटल्यावर बाकीचे ऐकतात. प्रशिक्षण सकाळी, प्रत्येकाच्या चालू ड्रॉइंगवर. मार्चअखेरीची डिस्पॅचची घाई टाळा, नवरात्रही टाळा. गरब्याच्या दिवसांत वडोदऱ्यात संध्याकाळी कुणी थांबत नाही, आणि थांबवूही नये.

पहिल्या महिन्यात उशीर झाल्यास वार्षिक मूल्यमापनात धरणार नाही, हे लेखी द्या. अनुभवाच्या दाखल्यात दोन्ही सॉफ्टवेअरची नावं लिहायची हेही आधीच सांगा.

क्रॅक केलेली जुनी प्रत कुठल्याही मशीनवर ठेवू नका. अडचण आली की माणूस तिच्याकडेच वळतो, आणि कायद्याचा धोका कंपनीच्या गळ्यात पडतो. त्याऐवजी दहांपैकी दोन खरे परवाने तीन महिने चालू ठेवा, शेजारी एक वही ठेवा. ऑटोकॅडवर बसणाऱ्याने तारीख, ड्रॉइंग नंबर आणि नव्यात काय अडलं हे लिहायचं. तीन महिन्यांनी त्या दोन परवान्यांचं काय करायचं, हे वही बघून ठरवा.