मेंदूतल्या एचआयव्हीचं झाड घरबसल्या कसं काढायचं नि कसं वाचायचं

रत्नागिरीत बसून एमएस्सीच्या प्रोजेक्टला काय करता येईल, सीक्वेन्सर नाही, तशी लॅब नाही, असं पोरं विचारत असतात. हा विषय घ्या. एक लॅपटॉप पुरतो, डाटा फुकट आहे आणि प्रश्न खरोखर मोठा आहे: एकाच माणसाच्या मेंदूत, वेगवेगळ्या भागात, एचआयव्ही वेगवेगळा बदलत जातो का? त्यासाठी व्हायरसच्या सीक्वेन्सवरून (जनुकातल्या अक्षरांच्या क्रमावरून) त्याची वंशावळ काढायची, तिलाच इथे झाड म्हटलंय.

आधी हे का होतं ते समजून घ्या, नाहीतर झाड नुसतं चित्र राहतं. लागण झाल्यावर काही दिवसांतच व्हायरस रक्तातल्या पेशींबरोबर मेंदूत पोचतो. तिथे तो न्यूरॉनमध्ये नाही, मुख्यतः मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशींमध्ये राहतो, या पेशींवर सीडी४ (व्हायरस जे धरून आत शिरतो ते प्रथिन) कमी असतं, म्हणून कमी सीडी४ वर भागवणारा व्हायरस तिथे टिकतो. त्याचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनएची कॉपी काढणारं एन्झाइम) चुका तपासत नाही, साधारण ३० हजार अक्षरांमागे एक चूक, आणि अख्खा जीनोम ९,७०० अक्षरांच्या आसपासचा, म्हणजे दर तीन-चार कॉप्यांमागे एखादी चूक आलीच. वर मेंदूत व्हायरसची येजा कमी. आपल्याकडे पूल नव्हते तेव्हा तरीशिवाय खाडी ओलांडता यायची नाही, म्हणून अलीकडच्या नि पलीकडच्या गावाच्या बोलीत फरक पडला, तसंच हे.

आता काम. लॉस अलामोसच्या एचआयव्ही डाटाबेसमध्ये जा, टिश्यूमध्ये ब्रेन निवडा, आणि असा एकच पेशंट शोधा ज्याच्या फ्रंटल लोब, बेसल गँग्लिया, सेरेबेलम, मेनिंजेस (मेंदूभोवतीची आवरणं), शिवाय रक्त किंवा प्लीहा अशा बऱ्याच ठिकाणचे सीक्वेन्स आहेत. जीन एन्व्हेलपचा, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाचा घ्या, त्यातला सी२-व्ही३ नावाचा तुकडा, तिथे फरक भरपूर दिसतात. दोन पेशंटची सरमिसळ करू नका, प्रत्येक भागाचे दहा-पंधरा तरी सीक्वेन्स असूदेत, आणि सिंगल जीनोम पद्धतीने (एकेका रेणूपासून वेगळा) काढलेले मिळाले तर तेच घ्या, कारण साध्या पीसीआरमध्ये एकाच रेणूच्या वीस कॉप्या येतात आणि आपल्याला वाटतं केवढं हे कुटुंब. मेंदूचे बहुतेक सीक्वेन्स एचआयव्हीच्या सबटाइप (उपप्रकार) बी चे, अमेरिका-युरोपातले सापडतील, भारतात सबटाइप सी जास्त आहे, तेव्हा निष्कर्ष थेट इथल्या पेशंटवर लावू नका. आणि हे सगळं मेलेल्या माणसांच्या मेंदूतून आलंय, त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी ते दिलं म्हणून आपण शिकतोय, फाइलला नाव देतानाही हे मनात ठेवा.

मग माफ्ट या प्रोग्रामने अलाइन करा, म्हणजे सीक्वेन्स एकाखाली एक जुळवून घ्या, पण तिथेच सोडू नका, डोळ्यांनी बघा. व्ही३ दोन्ही टोकांना सिस्टीन या अमिनो आम्लाने बांधलेला, मध्ये धरून साधारण ३५ अमिनो आम्लं, ते सिस्टीन एका रेषेत नसतील तर अलाइनमेंट चुकलंय. हायपरम्यूट हे टूल चालवून जी चे ए झालेले बिघडलेले सीक्वेन्स काढून टाका. रीकॉम्बिनेशनही तपासा (डाटामंकी या वेबसाइटवरचं गार्ड हे टूल वापरा), दोन व्हायरसांची भेसळ झालेली असेल तर एक झाड खोटं बोलतं. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण माझ्या मते अर्धं प्रोजेक्ट इथेच ठरतं.

झाड आयक्यू-ट्री या प्रोग्रामने काढा, मुळासाठी दुसऱ्या पेशंटचा एक सीक्वेन्स बाहेरचा म्हणून जोडा. पावसात लाईट जाते तेव्हा चेकपॉइंट फाइल डिलीट करू नका, त्यातूनच पुढे चालू होतं. मग फिगट्री या झाड दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये भागाप्रमाणे रंग द्या. बेसल गँग्लियाचे सगळे एका फांदीवर, फ्रंटलचे दुसरीवर, आणि रक्ताचे वेगळे, असं दिसलं तर तिथे व्हायरस आपापला वाढलाय. रंग मिसळलेले दिसले तर येजा चालू आहे. मेनिंजेसचे बऱ्याचदा रक्ताच्या जवळ जातात, तिथे रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं नाही. फांदीखालचा आकडा बघायला विसरू नका, तो बूटस्ट्रॅप, म्हणजे ती फांदी किती भरवशाची ते शंभरपैकी सांगतो, साधा बूटस्ट्रॅप ७० च्या खाली असेल तर त्या फांदीवर काही बांधू नका, अल्ट्राफास्ट या झटपट प्रकाराला ९५ लागतो.

डोळ्यांना वेगळं दिसतं म्हणून वेगळं, असं लिहू नका. स्लॅटकिन-मॅडिसन टेस्ट करा, ती झाडावर भागाभागांत किती स्थलांतरं लागतात ते मोजते, मग लेबलं हजार वेळा पिसून तुलना करते. खऱ्या झाडात स्थलांतरं फारच कमी निघाली तरच वेगळेपण खरं. आणि हीच टेस्ट मेनिंजेस काढून एकदा परत चालवा, दोन्ही आकडे शेजारी लिहा, गाईडने विचारायच्या आत.