कोकणात शूट करताय? निदान या चुका तरी करू नका

साड्या, दागिने, काजूची पाकिटं, कोकम सरबताच्या बाटल्या. यांचे फोटो काढत मी मालवण ते दापोली फिरत असतो. बरोबर येणाऱ्या नव्या पोरांच्या चुका इतक्या ठरलेल्या असतात की आता ओरडायचाही कंटाळा येतो. एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात महागाची चूक भरतीची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. मालवणजवळच्या एका अरुंद पुळणीवर कॉटन साड्यांचा कॅटलॉग करायचा होता. जागा बघायला गेलो ती मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, दुपारचे बारा. पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. ओल्या वाळूचा रुंद पट्टा आरशासारखा चकाकत होता. मी खूश. तिथेच शॉटलिस्ट केली: 14 साड्या, सगळ्या ओल्या वाळूवर, पायाखाली प्रतिबिंब. शूट बरोबर सात दिवसांनी. त्या दिवशी दत्तजयंती होती. ड्रायव्हरचा उपास होता, वाटेतल्या देवळात भजन चालू होतं, पण आमच्या सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा आणि पौर्णिमा म्हणजे उधाण.

सहाला सगळे हजर होते. इस्त्री आणि मेकअपमध्ये साडेनऊ वाजले. तिसऱ्या साडीला पाणी मॉडेलच्या पोटऱ्यांपर्यंत, पाचवीला सुरूच्या मुळांपर्यंत. सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या दिव्याच्या, स्टँडखालची वाळू लाटेने ओढून नेली आणि स्टँड सावकाश, अगदी ठरवून झोपावं तसा आडवा झाला. शेजारी जाळं शिवत बसलेले आजोबा मान वर न करता म्हणाले, "आज पुनव. कोणी सांगला नाय तुमका?"

तेव्हापासून मी तारीख नाही, तिथी विचारतो. जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ येते. अष्टमीला 8 गुणिले पाऊण 6, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि सुकती बाराला. पौर्णिमेला 15 गुणिले पाऊण सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. नेमक्या वेळेला भरतीचं कोष्टक मोबाइलवर असतंच, पण क्लायंटशी फोनवर बोलताना हे तोंडी गणित कामाला येतं. अलिबागकडे गेलात तर आणखी जपून. तिथला चढउतार मालवणपेक्षा बराच मोठा.

आता सूर्यास्त. प्रत्येकाला तोच हवा असतो. अरे, आपला समुद्र पश्चिमेला आहे! समुद्र मागे घेऊन संध्याकाळी मॉडेल उभी केली की ऊन तिच्या पाठीमागे, आणि विकायचा माल अंधारात. मग फ्लॅश मारा, रिफ्लेक्टर धरा, वाऱ्याशी भांडा. सकाळी डोंगरावरून येणारं ऊन समोरून कपड्यावर पडतं आणि समुद्र मागेच राहतो. लवकर उठायचा आळस, दुसरं काही नाही. सूर्यास्ताचे दोन शॉट घ्या कव्हरसाठी, बाकी सगळं सकाळी उरकून टाका.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक रंगाची. जांभ्या दगडाचं अंगण, लाल माती, वर आंब्याची गर्द सावली. डोळ्यांना फार सुंदर दिसतं, पण माती खालून हनुवटीवर लाली फेकते आणि पानं वरून कपाळ हिरवं करतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी कॅमेऱ्याची सेटिंग, ऑटोवर टाकून बसलात तर प्रत्येक फ्रेमला साडीचा रंग वेगळा. वांगी रंगाची साडी फोटोत राणी कलरची दिसली की गिऱ्हाईक परत पाठवतं, आणि फोन आपल्याला येतो. "फोटोशॉपमध्ये करू" म्हणणाऱ्याला मी ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचा करडा पुठ्ठा, हातात देतो. जागा बदलली, ऊन बदललं, की पहिली फ्रेम कार्डाची. मातीवर, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर अंथरतो. साधी घरातली, जुनी. आणि एडिटिंग संपेपर्यंत ती साडी क्लायंटला परत देत नाही. स्क्रीनशेजारी, खिडकीच्या उजेडात ठेवून जुळवतो. याला दीड दिवस जास्त लागतो, लागू दे.

बाकीच्या चुका थोडक्यात. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका. लेन्सवर बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर ठेवा आणि तेवढ्यात चहा घ्या. खाऱ्या वाऱ्याने धुरकटलेली लेन्स शर्टाने पुसणाऱ्याला माझ्याकडे परत काम नाही. पुळणीवर लेन्स बदलू नका, गाडीत बसून बदला. सरबताच्या ग्लासला उजेड मागून द्या, समोरून दिलात तर कोकम काळं दिसतं. सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्यावर व्यावसायिक शूट करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा, तिकीट काढून आत गेल्यावर नव्हे.

आणि होडी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या ओढून वर ठेवलेल्या, आयती पार्श्वभूमी. पण ती कुणाच्या तरी पोटाची आहे. न विचारता मॉडेलला चपलांसकट वर चढवू नका. मालकाला शोधा, पैसे ठरवा, चपला खाली काढा. मी एक प्रिंटही देतो. मागच्या खेपेला एका मालकाने ती बघून विचारलं, "बाई ऱ्हवांदे, होडीचो वेगळो फोटो नाय काढलास?"