बिझी टू, वर्थ टू, पॉसिबल टू... इंग्रजीत 'टू' लावताना या चुका टाळा

आपल्या खेड्यातल्या पोट्ट्यांना इंग्रजी शब्द येत नाही असं काही नाही. ईझी, डिफिकल्ट, हॅपी, बिझी सगळे माहीत असतात, 'टू गो, टू सी, टू रीड' पण पाठ असते, पण हे दोन एकमेकांना जोडायची वेळ आली की सगळा घोळ सुरू होते. आणि हा घोळ बुद्धीचा नाही बरं का, सवयीचा आहे. आपल्या वऱ्हाडीत एकच '-ाले' सगळीकडे चालून जाते, वाचाले सोपं, कराले कठीण, पाहाले लायक, काम कराले लागला. इंग्रजीत मात्र पुढे काय येणार हे ते विशेषण ठरवते, कोणाला टू लागते, कोणाला आयएनजी, कोणाला मधात ऑफ नाहीतर इन.

दुसरी गोष्ट, जी शिकवताना बहुतेक सुटूनच जाते, ती म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला जो बसला आहे तो स्वतः ते काम करून राहिला की त्याच्यावर ते काम होऊन राहिलं, हे आधी पाहायचं. एवढं जरी पाहिलं ना राजेहो, तर खालच्या बऱ्याच चुका होणारच नाहीत.

'मले' म्हणजे दरवेळी 'आय' नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. 'मले याले शक्य नाही' हे डोक्यात असते आणि हात टाइप करतो 'आय ॲम नॉट पॉसिबल टू कम'. पॉसिबल हे कामाला लागते, माणसाला नाही. म्हणून 'इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम'. हे लांब वाटत असेल तर सरळ 'आय कान्ट कम' लिहा ना, कोणी मार्क कापत नाही.

तसंच 'आय ॲम डिफिकल्ट टू गो टू अमरावती'. इथे जाणारा मीच आहे, मग डिफिकल्ट मी नाही, जाणं आहे. 'इट इज डिफिकल्ट फॉर मी टू गो टू अमरावती'. हा सुरुवातीचा 'इट' कोणालाच दाखवत नाही, नुसती जागा अडवून बसतो, पण त्याला काढलं की वाक्य पडते. त्यामुळे 'इज डिफिकल्ट टू गो' असं डोकं नसलेलं वाक्य लिहू नका.

आता गंमत पहा, 'द सरपंच इज डिफिकल्ट टू मीट' हे एकदम बरोबर आहे. काऊन? कारण भेटणारे आपण, सरपंच नाही. भेटण्याचं काम त्याच्यावर होऊन राहिलं. म्हणजे ईझी, डिफिकल्ट, हार्ड या शब्दांच्या आधी माणूस बसू शकतो, पण काम दुसऱ्यानं करायचं असलं तरच. भाषाशास्त्रात नोम चॉम्स्कीनं दाखवलेली एक जोडी लय प्रसिद्ध आहे, 'जॉन इज ईगर टू प्लीज' आणि 'जॉन इज ईझी टू प्लीज'. दिसायला दोन्ही वाक्यं सारखी, पण पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतो आणि दुसऱ्यात जॉनला खूश करणं सोपं आहे. 'द गोट इज रेडी टू ईट' मध्ये तर दोन्ही अर्थ निघतात, बकरी चारा खायला तयार आहे का बकरी ताटात आली आहे, ते पुढचं-मागचं पाहूनच समजते.

आणि इंग्रजीची खोड पण सांगून ठेवतो, 'ही इज इम्पॉसिबल टू फाइंड' चालते पण 'ही इज पॉसिबल टू फाइंड' चालत नाही. का ते विचारू नका, लक्षात ठेवा. पावसाचंही असंच, 'रेन इज पॉसिबल टू कम' नाही, 'इट इज लाइकली टू रेन'. लाइकली माणसालाही लावता येते, 'ही इज लाइकली टू कम', पण त्याच जागी प्रॉबेबल टाकलं की चूक.

शेवटी लटकलेला 'इट'

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. हे इंग्रजीत सांगताना पोट्टे लिहितात 'द वॉटर इज व्हेरी सॉल्टी टू ड्रिंक इट'. इथे एका वाक्यात दोन चुका आहेत. शेवटचा 'इट' नको, कारण जे प्यायचं ते वॉटर वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन गेलं. आणि 'व्हेरी' म्हणजे फक्त खूप, तर दोन ओ वाला 'टू' म्हणजे इतकं जास्त की पुढचं जमतच नाही. बरोबर वाक्य 'द वॉटर इज टू सॉल्टी टू ड्रिंक', पहिला टू दोन ओ वाला, दुसरा एक ओ वाला. पण 'सो... दॅट' नं सांगायचं असेल तर मात्र 'इट' परत लागते, 'द वॉटर इज सो सॉल्टी दॅट वी कान्ट ड्रिंक इट'.

'इट' काढताना हात सैल सोडू नका, कारण त्याच्यासोबत 'ऑन' पण उडते. 'धिस बाज इज कम्फर्टेबल टू स्लीप ऑन', इथे ऑन पाहिजेच. 'धिस रोड इज डेंजरस टू ड्राइव्ह ऑन' मध्येही तसंच.

इनफचं उलटं असते, विशेषणाच्या मागून येते. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झालं, तर १८ वर्षांच्या पोराबद्दल 'ही इज ओल्ड इनफ टू व्होट' म्हणायचं, 'इनफ ओल्ड' नाही. लग्नासाठी मुलाचं वय २१ लागते, म्हणून त्याच पोराबद्दल 'बट ही इज टू यंग टू मॅरी'. नाम असलं की मात्र इनफ आधी, 'इनफ मनी टू बाय सीड्स'.

ज्यांना हा 'टू' चालतच नाही

'माय फादर इज बिझी टू पिक कॉटन' चूक, 'बिझी पिकिंग कॉटन' बरोबर. पण 'ही इज टू बिझी टू कम' बरोबर आहे, कारण तिथला टू बिझीमुळे नाही, आधीच्या दोन ओ वाल्यामुळे आला. 'लोणार इज वर्थ टू सी' चूक, 'वर्थ सीइंग'. 'केपेबल टू डू' चूक, 'केपेबल ऑफ डूइंग' नाहीतर 'एबल टू डू'. एसएससी (दहावी नाही, स्टाफ सिलेक्शन कमिशन) किंवा बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे तीन तर भिंतीवर लिहून ठेवा, चूक शोधा म्हणून प्रश्न आला की असलेच शब्द असतात.

अफ्रेडमध्ये जरा थांबा, कारण तिथे दोन्ही चालतात पण अर्थ बदलते. रात्री जागलीला जायची भीती वाटते म्हणून जात नाही, तर 'आय ॲम अफ्रेड टू गो टू द फील्ड ॲट नाइट'. विहिरीत पडायची भीती असली तर 'आय ॲम अफ्रेड ऑफ फॉलिंग इनटू द वेल', कारण पडणं काही आपण ठरवून करत नाही. जे आपल्या मर्जीनं करायचं त्याला टू, जे आपल्यावर येऊन पडते त्याला ऑफ.

'उन्हात काम कराची सवय आहे' हे 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग इन द सन'. इथला टू वेगळ्या जातीचा आहे, त्याच्यामागे आयएनजी येते. ॲम काढून 'आय यूज्ड टू वर्क इन द सन' म्हटलं की अर्थ होते आधी करत होतो, आता नाही.

'फॉर यू' आणि 'ऑफ यू' चं पण पहा. 'इट इज गुड फॉर यू टू वॉक' म्हणजे चालणं तब्येतीला चांगलं. 'इट वॉज गुड ऑफ यू टू कम' म्हणजे तुम्ही आले हा तुमचा चांगुलपणा. आभार मानताना 'काइंड फॉर यू' लिहिलं की चुकलं, 'काइंड ऑफ यू' पाहिजे.

राहिलं भूतकाळाचं. 'आय वॉज हॅपी टू मेट यू' लिहू नका, भूतकाळ वॉजमध्ये आला, टूच्या मागे साधं 'मीट'च राहते. इंटरव्ह्यूला गेले तर पहिल्यांदा भेटल्यावर 'नाइस टू मीट यू', आणि उठून निघताना 'नाइस मीटिंग यू'. 'नाइस टू मीटिंग यू' मात्र येताना पण नाही अन् जाताना पण नाही.