तिशीनंतर कळलेला ऑटिझम: पहिले सहा महिने कसे काढावेत

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा एकच ओळ कामाची असते: ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १’. म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण. त्यावर गोळी नाही, पथ्य नाही, पुढची तारीखही नाही. घरी आल्यावर माणूस मनाची समजूत घालायला बसतो आणि तिथेच अडकतो. आमचा सल्ला उलट्या क्रमाचा आहे. आधी कान, डोळे, कातडी आणि पोट यांची सोय करा, मग मागच्या आयुष्याकडे वळा, माणसांना सांगणं त्याहून पुढचं. दमलेल्या शरीराला कुठलीही समजूत पटत नाही.

रिपोर्ट वाचताना

‘लेव्हल १’ म्हणजे थोडासा ऑटिझम असं नाही. मानसोपचाराच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत २०१३ च्या आवृत्तीपासून तीन पातळ्या आहेत आणि त्या मदतीची गरज सांगतात: पहिलीत मदत लागते, दुसरीत बरीच लागते, तिसरीत फारच लागते. याच आवृत्तीत ‘अ‍ॅस्पर्जर’ हे वेगळं निदान ऑटिझममध्येच आलं, त्यामुळे जुन्या कागदावर तो शब्द असला तर गोंधळून जाऊ नका.

मराठीत ‘स्वमग्न’ हा शब्द रुळला आहे. तो ‘ऑटिझम’च्या ग्रीक मुळाशी (‘ऑटोस’, म्हणजे स्वतः) प्रामाणिक आहे, पण दिशाभूल करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस स्वतःतच बुडालेला, याला बाहेरचं काही जाणवत नाही. प्रत्यक्षात अनेकांचा त्रास नेमका उलटा असतो: बाहेरचं जरा जास्तच आत येतं. म्हणून इथे आम्ही ‘ऑटिस्टिक’ म्हणतो. तुम्हाला ‘स्वमग्न’ जवळचा वाटत असेल तर खुशाल वापरा.

निदान अजून झालंच नसेल तर एवढं करा. इंटरनेटवरच्या ५० किंवा ८० प्रश्नांच्या चाचण्या चाळणी म्हणून ठीक आहेत, पण सामाजिक भीती, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) किंवा जुना मानसिक आघात असला तरी त्यांत गुण वर जातात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा आणि वेळ ठरवण्याआधी फोनवरच विचारा: ‘तुम्ही मोठ्या माणसांचं ऑटिझमचं मूल्यमापन करता का? किती बैठका लागतील? लहानपणाची माहिती कोणाकडून घेता?’ जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही’ असा बाईंचा शेरा तिथे सोन्याच्या मोलाचा असतो. ‘मी लाजाळू आहे’ असं सांगण्यापेक्षा दहा-पंधरा घडलेले प्रसंग लिहून न्या. ‘तुम्ही डोळ्यांत बघून बोलता, लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम?’ एवढ्या आधारावर कोणी परत पाठवलं तर दुसरं मत घ्या.

चौदा दिवसांची वही

शंभर पानी वही पुरे. मोबाइलमध्ये लिहू नका, तिथे गेलात की दुसरीकडेच जाता. पाच रकाने पाडा: वेळ, जागा, आजूबाजूला काय होतं (आवाज, उजेड, वास, कपडे, गर्दी), शेवटचं कधी खाल्लं आणि त्रास ० ते १० पैकी किती. दिवसातून चार नोंदी, गजर लावून: ९, १, ५ आणि ९. मनाला वाटेल तेव्हा लिहायचं ठरवलं तर फक्त वाईट क्षणच वहीत येतात आणि तुलनेला काही उरत नाही.

जेवणाचा रकाना मुद्दाम आहे. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना भूक, तहान, लघवी, थकवा यांचे निरोप उशिरा पोचतात. दुपारी चारला उगाच भांडण होतं, त्याच्या मागे सकाळी आठचा चहा आणि त्यानंतर काहीच नाही, असं निघतं. नोंदीत हे दोनदा दिसलं की ११ आणि ४ चा गजर कायमचा लावा आणि भूक असो-नसो खा. भूक लागण्याची वाट बघू नका.

चौदा दिवसांनी ७ च्या वरच्या नोंदींवर लाल खूण करा. दहा-बारा वेगवेगळी कारणं निघतील असं वाटतं. साधारणपणे तीन-चारच पुन्हा पुन्हा येतात. तेवढीच हाताळा.

घरात बदल करणं

कुकरची शिट्टी हे मराठी घरातलं नेहमीचं कारण. तिचा त्रास आवाजाइतकाच अचानकपणाचा असतो. भात-वरणासाठी इलेक्ट्रिक कुकर घेतला की निम्मा प्रश्न सुटतो. ते जमत नसेल तर घरात एक नियम करा: कुकर लावला की लावणाऱ्याने तसं सांगायचं. येणार हे माहीत असलेली शिट्टी पुष्कळ कमी टोचते. मिक्सरच्या भांड्याखाली जाड टॉवेलची घडी ठेवा, मात्र तळाची हवा जायची भोकं झाकू नका, मोटर तापते.

दिवे तपासायला मोबाइल पुरतो. स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा. जुनी चोकवाली ट्यूब आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. स्वस्त एलईडीही तेच करतात. व्हिडिओत उजेड थरथरताना किंवा काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा बदला. बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर दिवा लावा.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, पण बहुतेक लोक ते चुकीचे घालतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणून टाकून देतात. बोळा दोन बोटांत बारीक काडीसारखा वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे ३० सेकंद, बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा झाला की बसला. रस्ता ओलांडताना काढा. दिवसभर मात्र घालू नका. कानाला शांततेची सवय लागली की भांड्याचा साधा आवाजही टोचू लागतो.

लग्नकार्याला सरसकट ‘नाही’ म्हणायची गरज नाही. अक्षता पडायच्या वीस मिनिटं आधी पोचा, आहेर द्या, यजमानांना आणि आधीच ठरवलेल्या दोन माणसांना भेटा, पहिल्या पंगतीला जेवा आणि निघा. दीड तासात होतं. तुम्ही आला होतात हे लोकांच्या लक्षात राहतं, कधी गेलात ते राहत नाही. गणपतीचं दर्शन पहाटे घ्या. मिरवणुकीच्या दिवशी मांडव घराजवळ असेल तर रजा आधीच टाकून दुसऱ्याच्या घरी जा. घरात राहून सहन करण्याची पैज स्वतःशी लावू नका.

मागचं आयुष्य पुन्हा वाचणं

निदानानंतर आधी सुटल्यासारखं वाटतं. मग राग येतो, आणि तो वीस-पंचवीस वर्षं मागे जाऊन येतो. त्याला वेळ द्या, पण बांध घाला: दिवसाला वीस मिनिटं, रात्री नऊनंतर नाही, एका बैठकीत तीनच प्रसंग.

त्याच वहीत मागून सुरुवात करा. तीन रकाने. पहिल्यात लोक काय म्हणाले, दुसऱ्यात तेव्हा खरं काय चाललं होतं, तिसऱ्यात आता काय करायचं. उदाहरणार्थ, ‘मुंजीत पंगतीतून उठून गेला, शिष्ट आहे.’ दुसऱ्या रकान्यात: लाउडस्पीकर पाठीशी, उदबत्तीचा वास, बोटांना श्रीखंड, दोन्हीकडून दोघं एकदम बोलत होते. तिसऱ्यात: काही नाही, सोडून द्या.

हा तिसरा रकाना गाळला की गाडी घसरते. ‘माझं सगळंच ऑटिझममुळे झालं’ अशी गोळाबेरीज होते. बहिणीच्या बाळंतपणात तुम्ही आठवडाभर फोन केला नाहीत, त्याचं कारण आता कळलं असेल. तिला लागलं ते लागलंच. तिसऱ्या रकान्यात तिथे ‘ताईला फोन’ असं यायला हवं.

मुखवटा उतरवणं

लोकांत सामान्य दिसण्यासाठी आपण वर्षानुवर्षं काय काय करतो त्याची यादी करा: मुद्दाम नजरेला नजर देणं, हसण्याची तालीम, संभाषण आधी मनात पाठ करणं, हात-पाय हलू न देणं. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा: यात किती दमतो आणि हे सोडलं तर किती धोका. दमणूक जास्त, धोका कमी, ते आधी सोडा, तेही घरात. हात हलवणं, डोलणं, कापडाची कड चोळत बसणं याने ताण उतरतो; ते पुन्हा येऊ द्या. नजरेसाठी एक वाक्य पुरतं: ‘मी दुसरीकडे बघतो तेव्हा मला नीट ऐकू येतं.’

एका आठवड्यात ऑफिसात सगळंच सोडलं तर लोकांना वाटतं तुम्ही आजारी आहात, किंवा रागावलात. आणि काही ठिकाणी मुखवटा ही ढाल असते. रात्रीच्या रिक्षात, तक्रारखोर साहेबासमोर तो ठेवला तर त्यात खोटेपणा नाही.

विझणं ओळखा

येणारं काम अचानक येईनासं होतं. रोजची भाजी सुचत नाही, बोलायला शब्द मिळत नाहीत, अंघोळ डोंगर वाटते, नेहमीचे आवाज असह्य होतात. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात आणि तो महिनोन्‌महिने चालू शकतो. नैराश्यात आवडीचं काम नकोसं होतं; इथे आवड बहुधा शाबूत असते, जोर नसतो. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून डॉक्टरांना दोन्ही सांगा. ‘बाहेर पड, चार लोकांत मिसळ’ हा नैराश्यातला नेहमीचा सल्ला इथे उलटतो. आठवड्यातून एक काम कमी करा, नवीन काही जोडू नका. योगासनांचा वर्गसुद्धा नाही.

घरच्यांसाठी: भडका उडाला किंवा माणूस एकदम गप्प झाला तर दिवा मंद करा, विचारल्याशिवाय हात लावू नका, हो-नाहीत उत्तर देता येईल एवढंच विचारा. चर्चा दुसऱ्या दिवशी.

ऑटिस्टिक प्रौढांत आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तसे विचार आले तर वहीत लिहीत बसू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कोणाला, कसं सांगावं

आईला सांगताना पहिलं उत्तर ‘म्हणजे माझंच काहीतरी चुकलं’ असं येण्याची तयारी ठेवा. थंड, माया न करणाऱ्या आयांमुळे ऑटिझम होतो असं एकेकाळी डॉक्टरच सांगत. ते कधीच खोडून निघालं आहे. लसीमुळे होतो हेही खोटं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे सांगितल्यावर घरात ‘म्हणजे आपले अण्णाही…’ असा विषय निघतो आणि पुष्कळदा तिथेच ताण सैल होतो. वाक्यं तीनच ठेवा: ‘आई, डॉक्टरांनी तपासलं, मला ऑटिझम आहे. तो जन्मापासूनचा आहे, तुझ्यामुळे झालेला नाही. मला एवढंच हवंय की घरी आल्यावर अर्धा तास मला कोणी काही विचारू नये.’ नाव सांगून थांबलात तर समोरच्याला काय करावं कळत नाही. मागणी सांगितली की करायला काहीतरी मिळतं.

स्थळं बघणं चालू असेल तर पसंती झाल्यावर, पण साखरपुड्याच्या आधी, स्वतः सांगा. मध्यस्थाकरवी नको.

ऑफिसात शब्द न उच्चारता बरंच मिळतं. ‘मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मेलवर मिळाले तर माझी तयारी चांगली होते’, ‘भिंतीकडची जागा मिळाली तर काम लवकर उरकतं’ यावर सहसा कोणी कारण विचारत नाही. एकदा सांगितलेलं निदान परत घेता येत नाही, म्हणून आधी मागणी, गरज पडली तर नाव. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खाली प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण ठेवावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर खासगी कंपनीच्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयीही लिहिलेल्या हव्यात. एचआरकडे ते मागा, वाचा, मग ठरवा.

प्रमाणपत्र

ऑटिझम हा त्या अधिनियमातल्या २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. ४० टक्के दिव्यांगत्वापासून बहुतेक लाभ सुरू होतात: सरकारी नोकरीत ऑटिझमसह काही गटांना मिळून १ टक्का आरक्षण, जुनी करपद्धत निवडल्यास प्राप्तिकरात ७५,००० रुपयांची वजावट. निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा आहे.

अडचण मोजपट्टीची आहे. ‘इसा’ नावाच्या भारतीय चाचणीत ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० च्या खाली आलात तर ऑटिझम धरत नाहीत. नीट बोलणारा, नोकरी करणारा प्रौढ तिथे ६०-६५ वर थांबू शकतो. त्याने प्रमाणपत्र हुकतं, निदान रद्द होत नाही. तपासणीला तयार होऊन, पाठ केलेल्या उत्तरांसह जाऊ नका, आणि लहानपण पाहिलेलं माणूस बरोबर न्या.

‘पूर्ण बरा करतो’ म्हणणाऱ्यांकडे पैसे नेऊ नका. स्टेम सेल उपचारांची ऑटिझमसाठी शिफारस नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं. चिंता, झोप, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) यांवर औषधं आहेत आणि ती लागली तर जरूर घ्या.

सहा महिन्यांनी चौदा दिवसांची वही पुन्हा भरा, त्याच चार वेळांना, आणि लाल खुणा मोजून पहिल्या वहीशेजारी ठेवा. फक्त गणपती-दिवाळीचे आठवडे टाळा. त्या दिवसांत आकडे सगळ्यांचेच वर जातात.