सामाईक कार्यशाळा काढताय? टेबल आधी, लेझर नंतर

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कोणालाही वस्तू बनवता येतील अशी कार्यशाळा, उभी राहिली. ही कल्पना जिथे निघाली त्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. पण वेल्डिंग, सुतारकाम, शेती हे सगळं तिथे त्याआधीपासून चालू होतं. तालुक्याच्या गावी अशी जागा काढायची तर क्रम तोच ठेवा. पैसे हातात आले की लोक आधी लेझर कटर, म्हणजे प्रकाशाच्या झोताने कापणारं मशीन, मागवतात, आणि मग वर्षभर त्यावर नावाच्या पाट्याच कापल्या जातात.

हजार चौरस फुटांचा हॉल सुरुवातीला पुरतो. सुतारकाम दाराजवळ, सोल्डरिंग आणि थ्रीडी प्रिंटर आतल्या भिंतीशी, मध्ये छतापर्यंत पार्टिशन. ग्राइंडर आणि वेल्डिंग मात्र बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. ठिणगी भुशात पडली तर लगेच काही दिसत नाही. भुसा आतल्या आत धुमसतो आणि सगळे घरी गेल्यावर पेटतो. म्हणून भुसा रोज संध्याकाळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून बाहेर न्या.

हॉलच्या मधोमध एक मोठं टेबल हवं. प्लायवूडचा अख्खा ८ बाय ४ फुटांचा ताव, १८ मिमीचे दोन थर एकावर एक, उंची ३६ इंच, चारही बाजूंनी निदान साडेतीन फूट मोकळी जागा. भिंतीला लावलेल्या टेबलावर माणूस सगळ्यांकडे पाठ करून बसतो. मधल्या टेबलाशी उभ्याने काम चालतं, येणारा-जाणारा थांबतो, ‘हे काय चाललंय?’ विचारतो, आणि पंप दुरुस्त करणाऱ्याला सर्किट जमणारा माणूस तिथेच भेटतो. प्लगचे बोर्ड वरून लोंबते ठेवा, वायर पायात येत नाही. चहा जवळच, पण या टेबलावर नको: साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, हात धुऊनच कपाला लावायचे.

आता लेझर. शिकायला ४० ते ६० वॅटचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या ट्यूबचा) लेझर पुष्कळ झाला. त्याच्या पॉवर सप्लायमधून हजारो व्होल्ट निघतात, त्यामुळे अर्थिंग कच्चं असेल तर मशीनच्या अंगाला हात लावला तरी झटका बसतो. मशीनसाठी वेगळा एमसीबी (जास्त विजेने पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) घ्या. अर्थिंग उन्हाळ्यात मोजून घ्या; माती सुकली की रोध वाढतो, खड्ड्यात पाणी घालावं लागतं. ट्यूबमधून पाणी फिरत नसेल तर काही मिनिटांत काच तडकते. म्हणून पाण्याचा प्रवाह थांबला की लेझर बंद पाडणारा फ्लो स्विच जोडलेला आहे ना, हे पाइप चिमटीत दाबून तपासा. धुराचा पाइप शक्य तितका सरळ न्या, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. आणि मशीन चालू असताना तिथून कोणी हलायचं नाही; सीओटूचा अग्निशामक हाताशी हवा.

पीव्हीसी आणि बहुतेक रेक्झिन लेझरखाली कधीच घालू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुफ्फुसं जाळतो आणि मशीनचे रूळही गंजवतो. प्लास्टिक ओळखू येत नसेल तर उघड्यावर तांब्याची तार लाल तापवा, प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, ते परत पाठवा.

पावसाळ्यात थ्रीडी प्रिंटरचं फिलामेंट (पीएलए प्लास्टिकची तार) हवेतलं पाणी पितं; छापताना तडतड आवाज येतो, वस्तूवर बारीक तंतू सुटतात. ४५ ते ५० अंशांवर पाच-सहा तास वाळवा आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.

माणसांचे नियम थोडेच असावेत, पण लिहिलेले असावेत. मशीन शिकून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. जो शिकला त्याने पुढच्या दोघांना शिकवायचं. मोडलं तर मशीनवर तारीख घालून लाल चिठ्ठी लावायची. दंड ठेवू नका, दंडाच्या भीतीने लोक मोडतोड लपवतात आणि ती पुढच्याच्या बोटावर निघते. अर्धवट कामासाठी प्रत्येकाला एकच क्रेट, नाव आणि तारखेसह. हा नियम सैल सोडला की सहा महिन्यांत कार्यशाळेचं गोदाम होतं.

भांडण होतं ते मात्र बहुधा डिझाइनवरून. एकाने बियाणं टोकण्याचं यंत्र केलं, दुसऱ्याने ते पाहून विकायला काढलं, की बोलणं बंद. फॅब लॅबच्या जागतिक सनदेत यावर तोडगा आहे: केलेली वस्तू करणाऱ्याने हवी तर विकावी, हक्कही राखावेत, पण इतरांना ती वापरून शिकता यावी. त्याच्या पुढचं तुम्ही ठरवा: विकणाऱ्याने मूळ कर्त्याला किती द्यायचं, नाव कुठे लिहायचं. हे कागदावर लिहा आणि त्यावर सभासदाची सही पहिल्याच दिवशी घ्या, क्रेट देण्याच्या आधी.