टोमॅटोची लागवड : फुलोऱ्याच्या हवामानावरून तारीख कशी ठरवावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत टोमॅटो वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो, त्यामुळे लावणीची तारीख पुष्कळदा शेजारचे शेत किंवा चालू बाजारभाव पाहून ठरते. माझ्या मते ही तारीख फुलोऱ्यापासून मागे मोजत यावी. रोप शेतात लावल्यापासून साधारण २५ ते ३५ दिवसांत फुले दिसू लागतात, फुलापासून पिकलेले फळ मिळण्यास आणखी ४० ते ५० दिवस लागतात आणि तोडे पुढे दीड-दोन महिने चालतात. म्हणून लावणीपूर्वी फुलोऱ्याचे आणि तोड्याचे महिने कॅलेंडरवर लिहून काढावेत आणि त्या महिन्यांत आपल्या गावी ऊन, थंडी व पाऊस कसा असतो ते पाहावे.

फलधारणेसाठी रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस आणि दिवसाचे ३० अंशांच्या आत असणे उत्तम. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २५ च्या आसपास राहू लागला की परागकण निकामी होतात आणि फुले देठासकट गळतात. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की परागकण फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळी लहान असतानाच घडत असतात. म्हणून आज दिसणारी फूलगळ अनेकदा मागच्या आठवड्यातील उष्णतेची असते आणि आज केलेल्या फवारणीने ती थांबत नाही. रात्रीचे तापमान १३ अंशांच्या खाली गेल्यासही फळ धरत नाही, किंवा धरलेले फळ वेडेवाकडे होते.

या हिशेबाने कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज, कराड या भागांत सप्टेंबरमध्ये रोपांसाठी बी टाकून ऑक्टोबरमध्ये केलेली लावण सर्वांत निर्धोक ठरते, कारण फुलोरा नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या, थंड हवेत येतो आणि फळाला रंगही चांगला भरतो. मात्र परतीचा पाऊस ओसरून जमिनीला वाफसा (मशागतीजोगा बेताचा ओलावा) येईपर्यंत थांबावे. काळ्या, भारी जमिनीत पाणी साचले की मुळे गुदमरतात आणि मर रोग बळावतो. धुके व दव असलेल्या दिवसांत उशिरा येणारा करपा (पाने-फळे काळी पाडणारा रोग) झपाट्याने पसरत असल्याने झाडे तार-बांबूवर बांधून हवा खेळती ठेवावी आणि पाणी ठिबकनेच, शक्यतो सकाळी द्यावे.

खरिपाची गोष्ट तालुक्यागणिक बदलते. महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याच्या पश्चिम पट्ट्यात जून-जुलैची उघड्यावरची लावण मी सुचवणार नाही. सततच्या ओलाव्यात पराग चिकट होऊन झडत नाहीत आणि पाने करप्याने जातात. याउलट माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या भागांत पाण्याची सोय असेल तर हाच हंगाम अनुकूल असतो, कारण ढगांमुळे ऊन सौम्य राहते आणि पाऊस बेताचा पडतो. तिथे गादीवाफे (लावणीसाठी उचललेले सपाट माथ्याचे वाफे) उंच करावेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जोरदार सरीनंतर तोड्याला आलेली फळे तडकतात. म्हणून आधीच्या कोरड्या काळात पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवाव्यात आणि पावसाचा अंदाज असल्यास रंग धरू लागलेली फळे आधीच तोडून घ्यावीत.

सर्वांत जास्त विचार उन्हाळी लावणीचा करावा लागतो, कारण मे-जूनच्या भावाची आशा याच हंगामात असते. जानेवारीच्या मध्यापर्यंत लावलेल्या पिकाचे पहिले घोस फेब्रुवारी-मार्चमध्ये, रात्री अजून सुसह्य असताना धरले जातात. मार्चच्या लावणीचा फुलोरा मात्र थेट एप्रिलच्या उन्हात येतो, आणि झाड हिरवेगार दिसूनही फळे मोजकीच लागतात. ३० अंशांच्या वर फळातील लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, त्यामुळे लागलेले फळही पिवळसर-नारिंगी राहते. हा धोका पत्करायचाच असेल तर उष्णता सोसणारा वाण निवडावा, जमिनीवर चंदेरी-काळ्या प्लास्टिकचे आच्छादन अंथरावे, कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी लावाव्यात, आणि फळांवर सावली धरणारी पाने छाटू नयेत. ती छाटली की फळावर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात. पाणी कमी-जास्त झाल्यास फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही व त्याचे बूड काळे पडते, म्हणून उन्हाळ्यात पाणी थोडे पण रोज द्यावे.

उष्ण, कोरड्या हवेत पांढरी माशी वाढते आणि पाने आखडणारा विषाणू पसरवते. लहानपणीच लागण झालेले झाड पुढे उत्पन्न देत नाही, त्यामुळे रोपे ४० ते ५० मेशच्या (इंचाला तितकी छिद्रे असलेल्या) बारीक जाळीखालीच वाढवावीत, २५ ते ३० दिवसांची झाल्यावर उन्हाला सरावून लावावीत, आणि लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात आखडलेले झाड दिसताच उपटून शेताबाहेर पुरावे.