पीसी आपोआप रीस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

शनिवार पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक काका डीटीपीची कामं करतात. लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल. ऐन लग्नसराईत त्यांचा पीसी दिवसातून चार-पाचदा आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. "व्हायरस असणार," म्हणून दोनदा फॉरमॅट मारून झाला. मराठी फाँट पुन्हा टाकण्यात अख्खा दिवस गेला आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

मी कशालाही हात न लावता अर्धा तास शेजारी बसलो. काका टाइप करत होते, तेव्हा सगळं ठीक. प्रिंट दिली, आणि स्क्रीन काळी. टेबलाखाली वाकलो तर लेझर प्रिंटरची पिन यूपीएसमध्ये! लेझर प्रिंटरमधला फ्यूजर (शाईची पूड कागदावर पक्की करणारा गरम भाग) तापताना काहीशे वॉट एकदम ओढतो आणि ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा. पिन काढून भिंतीच्या सॉकेटला लावली. खर्च शून्य.

तेव्हा पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे कधी रीस्टार्ट होतो हे न बघता फॉरमॅट मारणं. गेम खेळताना होतो, फ्रिज सुरू झाला की होतो, की नुसता पडून असतानाही होतो? चार दिवस वेळ आणि काम कागदावर लिहून ठेवा.

दुसरी चूक विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (घडामोडींची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीला निदान समजण्याची. पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती सांगते. का पडला ते नाही. विंडोज निळी स्क्रीन दाखवून लगेच रीस्टार्ट होत असेल, तर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग एरर कोड वाचायला मिळतो आणि ड्रायव्हर किंवा रॅमचा माग लागतो. निळी स्क्रीन न येता थेट अंधार होत असेल, तर मी आधी विजेच्या बाजूला वळतो.

तिथे सुरुवात बाहेरून करायची. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि लाइटने क्षणभर डोळा मिचकावला तरी पीसी पडतो. यूपीएस वगळून एक दिवस थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. (गुरुवार टाळा. पुण्यात महावितरणची देखभाल बहुधा त्याच दिवशी निघते.) एक्स्टेंशन बोर्डातली सैल पिनही तितकीच संशयित.

मग एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पीसीला वीज पुरवणारा डबा. इथे लोक मल्टीमीटर लावून खूश होतात. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले की "बरोबर आहे." पण पीसी निवांत असताना घेतलेलं ते माप. लोड आल्यावर व्होल्टेज क्षणात कोसळतं, ते साध्या मीटरला पकडता येत नाही. त्यापेक्षा मित्राकडून चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणा. नवा घ्यायचा तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत पर्याय भरपूर आहेत, पण डब्यावरच्या वॉटच्या आकड्यावर आणि स्वस्त किमतीवर भुलू नका. जुना उघडून बघायचा मोह मात्र नको. पिन काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात.

उन्हाळ्यात सगळे उष्णतेला दोष देतात. पण अति तापलेला प्रोसेसर आधी मंदावतो, मग पीसी बहुधा बंदच होऊन बसतो. तरी धूळ काढाच. पिन काढून, ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो. हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) उचललाच, तर त्याखालची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका.

रॅम काढून खोडरबराने घासतात, ते चालतं. पण त्यावर थांबू नका. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून दिवसभर चालवा, रात्री मेमरी टेस्ट लावून झोपा.

आणि एक फुकटची गोष्ट जी कुणी बघत नाही: कॅबिनेटचं रीसेट बटण. धुळीने ते अर्धवट आत अडकलं, की जरा धक्का लागला तरी पीसी रीस्टार्ट. मदरबोर्डवरची 'रीसेट एसडब्ल्यू' लिहिलेली बारीक वायर उपसून ठेवा. तिच्यावाचून पीसीचं काही अडत नाही.